राखेतली बोरं

जुन्या वसाहतींच्या मातीतून जळालेलं धान्य, फळांच्या आठळ्या आणि लाकडाचा कोळसा वेचायचा, तो कोणत्या झाडाचा ते ओळखायचं आणि त्यावरून त्या माणसांचं ताट, चूल, शेत आणि रान यांचा हिशेब मांडायचा, हे माझं काम. त्याला पुरावनस्पतीशास्त्र म्हणतात. हिवाळ्यात भीमेच्या खोऱ्यातल्या उत्खननावर असते तेव्हा दिवस कसा जातो, ते इथे तासांच्या क्रमाने सांगते.

सांगावंसं वाटतं याला कारण आहे. महाराष्ट्रातल्या नद्यांकाठी सुमारे चार हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांची पहिली गावं वसली. त्यांच्याबद्दल आपण बोलतो ते जव, गहू, बैल आणि रंगवलेली मडकी यांच्याबद्दल. बोर, जांभूळ, आवळा, शिंदी यांच्या वाट्याला शेवटचं अर्धं वाक्य येतं: रानफळंही खात असत. हे अर्धं वाक्य किती अपुरं आहे ते रोज मातीत हात घातल्यावर समजतं.

सकाळी ६.००

चहा उकळेपर्यंत दिवसाची यादी करते. कोणत्या ट्रेंचमध्ये आज नवा थर खुला होणार, चूल कुठे लागली आहे, साठवणीचा खड्डा कुठे अर्धा उघडा आहे, हे काल रात्रीच विचारून ठेवलेलं असतं. त्यानुसार पिशव्या मोजायच्या, चिठ्ठ्यांवर ट्रेंचचा क्रमांक, थर, खोली आणि तारीख लिहायची. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी आत, एक बाहेर. चिठ्ठी हरवली की त्या पिशवीतली आठळी कितीही सुंदर असो, ती पुराव्यातून बाद.

याच वेळी छावणीत नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट समजावून सांगते. आपल्या काळ्या मातीत कच्ची वनस्पती टिकत नाही. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगाळते, आणि त्या ओल्या-कोरड्या फेऱ्यात पानं, साली, दाणे, सगळं कुजून जातं. उरतं ते जळालेलं. तेही उघड्या ज्वाळेत पूर्ण जळालं तर राख होते. राखेखाली दबून, हवा कमी मिळून हळूहळू करपलं तर आकारासकट कोळसा होतो, आणि कोळशाला बुरशी खात नाही, कीड लागत नाही. म्हणजे आपल्याला दिसतं ते त्या काळाचं सगळं जेवण नव्हे. चुलीत सांडलेलं, करपलेलं आणि फेकलेलं तेवढंच आपल्यापर्यंत पोचतं. दिवसभराचं काम या एका मर्यादेच्या आत चालतं.

सकाळी ७.००

ट्रेंचमध्ये उतरते. ऊन तिरपं असताना मातीचे रंग स्पष्ट दिसतात: चुलीचा भाजलेला लाल कडा, राखेचा करडा पट्टा, सारवलेल्या जमिनीची पातळ रेघ. चुलीतली राख एका पिशवीत, चुलीभोवतालची जमीन दुसऱ्या, खड्ड्याच्या तळाची माती तिसऱ्या. शक्य असेल तिथे प्रत्येक ठिकाणाहून वीस ते तीस लिटर माती घेते. घमेल्यात भरताना हात हलका ठेवावा लागतो, कारण जळालेली आठळी बोटांच्या दाबानेही फुटते.

नमुना कसा घ्यावा हे शिकण्यासाठी या भागात सर्वांत मोठी शाळा म्हणजे इनामगाव. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नावाने त्याचा अहवाल १९८८ मध्ये निघाला. इ.स.पू. १६०० ते ७०० अशी सुमारे नऊशे वर्षांची सलग वस्ती तिथे होती: आधी माळवा, मग पूर्व जोर्वे, मग उत्तर जोर्वे, असे तिचे तीन सांस्कृतिक टप्पे. १३० हून अधिक घरांचे अवशेष मिळाले. कुडाच्या भिंती, आत चुली, अंगणात खड्डे, धान्याचं कोठार, पाणी वळवण्यासाठी कालवा आणि बांध. इतकी व्यवस्थित शेती असलेल्या या गावातही बोर, आवळा, जांभूळ, खजूर आणि इतर छोटी रानफळं गोळा केल्याचा पुरावा आहे. कोठार असलेलं गावही रानात जात होतं, एवढी गोष्ट मनात पक्की ठेवून मी चुलीची राख भरते.

फळ चुलीत पोचतं कसं, याचा विचार पिशवी भरतानाच करावा लागतो. बोर खाल्लं की आठळी उरते. चुलीजवळ बसून खाणारा माणूस ती सहज विस्तवात टाकतो. जांभळाचंही तसंच. करवंदाच्या बिया मात्र फळाबरोबर पोटात जातात. उंबराच्या बारीक बियांचं तेच. म्हणून बोराची आठळी वारंवार सापडते आणि करवंद जवळजवळ कधीच नाही. याचा अर्थ बोरं जास्त खाल्ली आणि करवंदं कमी, असा काढला तर तो खोटा ठरेल.

आणखी एक वाट आहे, ती शेळीची. शेळ्यांना बोरीचा पाला आवडतो, फळंही आवडतात. रवंथ करताना त्या कठीण आठळ्या थुंकून टाकतात, त्यामुळे गोठ्याच्या जमिनीवर आठळ्यांचा खच पडतो. तो केर लेंडी-शेणासकट जळणात गेला की आठळी चुलीत पोचते. म्हणून राखेत आठळीशेजारी शेणाचा जळका तुकडा, भुसा किंवा गवताचं बी आहे का, ते पाहायचं. शेजार समजला तर आठळी माणसाची की शेळीची, हे सांगण्याच्या आपण जवळ जातो.

सकाळी ९.००

आता पाण्याचं काम. कोळसा पाण्यावर तरंगतो आणि माती बुडते, या साध्या गुणावर सगळी पद्धत उभी आहे. १९६८ मध्ये अमेरिकन पुरातत्त्वज्ञ स्टुअर्ट स्ट्रुएव्हर यांनी तिच्यावर लिहिलेला लेख गाजला आणि त्यानंतर जगभर उत्खननांवर पिंपं आणि चाळण्या दिसू लागल्या. त्याआधी डोळ्यांना दिसेल तेवढंच हाताला लागे. मुठीएवढा धान्याचा साठा सापडे, एकटी पडलेली मसूर किंवा आठळीचा तुकडा उपशाबरोबर निघून जाई.

दख्खनची चिकण माती मात्र सहजासहजी सुटत नाही. आदल्या रात्री ती खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात भिजत घालते. सकाळी पिंपात ओतायची, हाताने हळूहळू ढवळायची, वर आलेलं काळं पाणी बारीक जाळीच्या कापडातून जाऊ द्यायचं. कापडावर राहतो तो हलका भाग: कोळसा, दाणे, आठळ्या, आणि आजच्या गवताची पुष्कळ मुळं. पिंपातल्या मोठ्या जाळीवर राहतो तो जड भाग: हाडं, मणी, गारगोटीच्या कपच्या. कापडाच्या पुरचुंड्या बांधून सावलीत वाळवायच्या. उन्हात टाकलं तर ओला कोळसा तडकतो आणि तीन हजार वर्षं टिकलेला दाणा तासाभरात भुगा होतो.

पाण्यावर माझ्याबरोबर गावातल्या एक आजी काम करतात. पुरचुंडी बांधता बांधता त्या आपल्या माहेरच्या बोरींबद्दल सांगतात. कोणत्या बांधावरची बोरं गोड, कोणती तुरट, कोणती वाळवायला चांगली, हे त्यांना झाडागणिक ठाऊक आहे. "पोरी, गोड बोर तिथंच खाऊन संपतं," त्या म्हणतात. "वाळवायला आंबट आणि गराचं लागतं. माळवदावर टाकायचं, सुरकुतलं की मडक्यात. मग पावसाळ्यात कुटून भाकरीशी." बोरकुटाची ही रीत मी लिहून घेते. कोणती फळं ताजी संपत आणि कोणती साठवली जात, हा प्रश्न राखेला विचारण्याआधी तो आजींना विचारावा लागतो.

सकाळी ११.००

पिंपं धुऊन झाली की बांधावरची फेरी. ही फेरी फिरायला जाण्याची हौस नव्हे. प्रयोगशाळेत जुना कोळसा ओळखायचा तर शेजारी आजच्या झाडाचा जाळलेला नमुना हवा. त्यासाठी प्रत्येक झाडाचं फळ, बी आणि अंगठ्याएवढी फांदी गोळा करते, फुला-पानांसह एक डहाळी दाबून ठेवते, आणि नंतर भट्टीत वाळूखाली हवा न लागू देता करपवते. असा एकेक नमुना जमत संदर्भसंग्रह तयार होतो. कोणत्याही पुरावनस्पती प्रयोगशाळेची खरी संपत्ती तीच.

या कोरड्या पट्ट्यातल्या बांधावर आणि ओढ्याकाठी आज भेटतात ती झाडं अशी: बोर आणि तिच्या झुडुपी बहिणी, बाभूळ, हिवर, खैर, हिंगणबेट, नेपती, पळस, उंबर, करंज, आणि ओलाव्याच्या जागी शिंदी आणि जांभूळ. आजी प्रत्येकाचं काम सांगतात. बोरीच्या फांद्या तोडून काट्याचं कुंपण, पाला शेळीला, लाकूड जळणाला आणि अवजाराला. बाभळीच्या शेंगा जनावरांना, साल कातडं कमवायला, डिंक बाळंतिणीला. शिंदीच्या पात्यांच्या चटया आणि केरसुण्या. पळसाच्या पानांच्या पत्रावळी. एकाही झाडाचं काम फळापाशी संपत नाही. आजचा वापर म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वापराचा पुरावा नव्हे. पण राखेत बोरीच्या बारीक फांद्यांचा कोळसा आणि आठळ्या एकत्र निघाल्या, तर जुनं कुंपण मोडून चुलीत घातलं असेल का, हा प्रश्न सुचतो तो या फेरीमुळे.

फेरीत वगळायची झाडंही ठरवावी लागतात. बांधावर सीताफळ आहे, पेरू आहे, विलायती चिंच आहे, वेडी बाभूळ आणि घाणेरी तर सगळीकडे. ही सगळी अमेरिका खंडातून गेल्या पाचशे वर्षांत आलेली. त्या पहिल्या गावांतल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोरचा बांध पाहायचा तर ही झाडं मनातून उपटून टाकावी लागतात आणि मग उरलेल्या जागी बोर, हिवर, खैर पुन्हा दाट करावे लागतात.

बोरीपाशी मी नेहमी जास्त वेळ थांबते. हिची मुळं खोल जातात. उन्हाळ्यात ती पानं गाळते आणि तग धरते. बुंध्यातून तोडली तरी पावसाबरोबर चार धुमारे फुटतात. काट्यांमुळे जनावरं तिला मुळापासून संपवू शकत नाहीत. तिची फळं मात्र शेळ्या, कोल्हे, पाखरं आणि माणसं दूरवर नेतात. रान तोडून शेत केलं, शेळ्या चारल्या, जळणासाठी फांद्या तोडल्या की अनेक झाडं मागे हटतात. बोर उलट पसरते. म्हणून 'रानटी बोर' म्हणताना मी थबकते. शेतकरी आणि शेळ्या जिथे गेल्या तिथे बोर वाढली. तिला कुणी पेरलं नाही, पण तिच्यासाठी जागा माणसानेच केली.

दुपारी १.००

जेवण. ताटात ज्वारीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, मिरचीचा ठेचा. ज्वारीचं मूळ आफ्रिकेत, मिरचीचं अमेरिकेत. हुलगा, म्हणजे कुळीथ, मात्र इथलाच जुना रहिवासी, आणि इनामगावच्या राखेतही आहे. तिथलं मुख्य पीक जव होतं. त्याच्या जोडीला गहू, मसूर, वाटाणा, लाख.

जेवताना वर्षाचं चाक मांडायचा खेळ विद्यार्थ्यांबरोबर रोज चालतो. मार्गशीर्षात कुळीथ घरात येतो. फाल्गुनात जव कापणीला येतो. कोठार भरलेलं असताना चिंता नाही. पण पुढे पेरणीसाठी बी बाजूला काढलं, दोन-चार महिने घर खाऊन झालं, की कोठाराचा तळ दिसायला लागतो. आता याच चाकावर झाडं बसवून पाहा. कार्तिकापासून आवळा. पौष-माघात बोरं. वैशाखात, डोंगराच्या बाजूला, करवंदं. ज्येष्ठात जांभळं आणि त्याच सुमाराला शिंदीची फळं. उंबर तर वर्षातून अनेकदा बहरतो. झाडांच्या तारखा पिकांच्या तारखांच्या मधल्या जागेत बसतात. शिवाय वाळवलेली बोरं आणि आवळकाठी आषाढ-श्रावणातल्या, धान्य सर्वांत कमी असलेल्या दिवसांपर्यंत टिकतात.

यातून माझा एक ठाम समज झाला आहे. शेती सुरू झाली म्हणून गोळा करणं मागे पडलं, हे चित्र चुकीचं आहे. जव वर्षाला एकदा येतो आणि पाऊस चुकला तर येतही नाही. बोरीचं झाड, ज्या वर्षी जव बुडाला त्या वर्षीही, काही ना काही देतं. नव्या शेतीची जोखीम पेलली ती जुन्या झाडांनी.

दुपारी २.३०

सूक्ष्मदर्शक. आधी वाळलेला हलका भाग चाळण्यांमधून काढते: दोन मिलिमीटर, एक, अर्धा. मोठा भाग प्रथम. काचेच्या ताटलीत चिमूटभर पसरायचं, दहा ते चाळीस पट मोठं करून पाहायचं, बारीक ब्रशने एकेक कण बाजूला करायचा. मुळं, गोगलगायी, किड्यांचे पंख वेगळे. न जळालेली आठळी दिसली तर ती बाहेर, मग ती कितीही जुनी भासो. उंदीर बिळांमधून आजची बोरं खोल थरात नेतात.

जळालेली बोराची आठळी एकदा पाहिली की विसरत नाही. गोल किंवा लांबट, पृष्ठभागावर खोल खाचा आणि उंचवटे, आणि फुटलेली असेल तर आत बीची कप्पेवजा पोकळी. भिंत जाड, त्यामुळे बारीक तुकडाही ओळखता येतो. जांभळाचं तसं नाही. त्याच्या बीला कठीण कवच नसतं, करपल्यावर तिच्या दळांचे तुकडे होतात आणि ते शेंगवर्गीय डाळीशी गल्लत करायला लावतात. इथेच संदर्भसंग्रहातला आपण स्वतः करपवलेला नमुना उपयोगी पडतो.

लाकडाच्या कोळशाची रीत निराळी. तुकडा तीन दिशांनी मोडायचा: आडवा, त्रिज्येच्या दिशेने आणि तिला काटकोनात. प्रत्येक ताज्या मोडीवर वरून उजेड पाडून कित्येक पट मोठं करून पाहायचं. बाभळीच्या कोळशात नलिकांभोवती मऊ पेशींची रुंद झालर असते आणि किरणं, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्या, अनेक पेशी रुंदीच्या. बोरीच्या कोळशात किरणं बहुधा एकाच पेशीच्या रुंदीची. एवढ्या फरकावरून चुलीत काय जळत होतं ते सांगता येतं. दक्षिण भारतातल्या उत्खननांतल्या अशा कोळशांवरून एलेनी असूती आणि डोरियन फुलर यांनी २००८ मध्ये एक संपूर्ण पुस्तक लिहिलं. त्या काळातली झाडी, तिच्यात चालणारी तोड आणि चराई, यांचा विचार त्यांनी चुलीच्या कोळशापासून सुरू केला.

ताटलीतला तुकडा ओळखल्यावर तो कोणत्या मोठ्या साखळीत बसतो ते आठवते. बलुचिस्तानातल्या मेहरगढला, उपखंडातल्या अगदी सुरुवातीच्या शेतकरी वस्तीत, जव-गव्हाबरोबर बोर आणि खजूर होते. तिथल्या वनस्पती-अवशेषांचा, मातीच्या विटांमध्ये उमटलेल्या ठशांसह, लोरेंझो कोस्तांतिनी यांनी अभ्यास केला. नर्मदेकाठी महेश्वरसमोरच्या नावडातोलीला विष्णू-मित्र यांनी तपासलेल्या अवशेषांत गहू, मसूर, उडीद, मूग, जवस यांच्याबरोबर बोर आणि आवळा आहेत. इनामगावच्या अवशेषांवर मुकुंद काजळे यांनी वर्षानुवर्षं काम केलं. हजारो वर्षांच्या आणि शेकडो मैलांच्या या साखळीत धान्याची नावं बदलत जातात. बोर मात्र प्रत्येक कडीत आहे.

कालमापनासाठीही आठळी मोलाची. लाकडाचा कोळसा शंभर वर्षांच्या झाडाच्या गाभ्याचा असू शकतो, म्हणजे चुलीपेक्षा लाकूड शंभर वर्षांनी जुनं निघेल. आठळी एकाच वर्षाची असते. तिच्यातल्या कार्बनवरून निघणारी तारीख त्या हंगामाची असते. म्हणून अखंड आठळी वेगळ्या कुपीत, हात न लावता.

दुपारी ४.३०

डोळ्यांना विश्रांती म्हणून तासभर वाचन, आणि ते बहुधा अशा जागांबद्दल जिथे जळलं नाही तेही टिकलं आहे. स्वित्झर्लंडच्या सरोवरांकाठच्या नवाश्मयुगीन गावांचं उदाहरण याबाबत अजोड आहे. १८५३–५४ च्या हिवाळ्यात झुरिक सरोवराचं पाणी फार खाली गेलं आणि ओबरमायलेनला चिखलातून लाकडी खांब वर आले. फर्डिनांड केलर यांनी त्यांचा अभ्यास जगापुढे आणला, आणि १८६५ मध्ये ओस्वाल्ड हेअर यांनी तिथल्या वनस्पतींवर पुस्तिका लिहिली. पाण्याखालच्या चिखलात हवा पोचत नाही, त्यामुळे कुजणंच थांबतं. गहू आणि जव पिकवणाऱ्या त्या गावांमध्ये रानसफरचंदं अर्धी कापून वाळवलेली सापडली. हेझलची फळं, रानटी आलुबुखाराची काटेरी जात, स्ट्रॉबेरी, रासबेरी, ब्लॅकबेरी, गुलाबाची फळं, ओकची बोंडं, आणि आपल्या ओळखीचा शिंगाडासुद्धा.

कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या आर्बोन-ब्लाइखे ३ या गावाचं तर आयुष्यच वर्षांत मोजता येतं. खांबांच्या वार्षिक वलयांवरून ते इ.स.पू. ३३८४ ते ३३७० एवढंच होतं हे ठरलं. मग ते जळालं. तिथल्या शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्यासुद्धा टिकल्या आहेत, आणि हिवाळ्यात जनावरांना झाडा-झुडुपांचा पाला आणि डहाळ्या घालत असत हे त्यांतून कळतं.

हे वाचलं की माझ्या ताटलीतल्या एका आठळीचं वजन बदलतं. तिथे चिखलाने सगळं राखलं, इथे फक्त चुलीने थोडंसं राखलं. तिथे टोपलीभर रानफळं दिसतात, इथे बोर, आवळा, जांभूळ. तुलना करताना माणसांच्या भुकेची नव्हे, मातीच्या स्वभावाची तुलना आधी करावी लागते.

त्याच वाचनातला आणखी एक धागा बोरीपर्यंत येतो. डॅनियल झोहारी आणि पिन्हास श्पीगेल-रॉय यांनी १९७५ मध्ये मांडलं की जुन्या जगात प्रथम बागेत आली ती ऑलिव्ह, द्राक्ष, अंजीर, खजूर ही फळं. कारण फांदी रोवून, मुनवा लावून त्यांचं नवं झाड हुबेहूब करता येतं. सफरचंद, नासपती यांना कलमाची कला येईपर्यंत थांबावं लागलं. बियांपासून आलेलं झाड आईसारखं फळ देईल याची खात्री नसते. बोरीचंही तेच. गोड बोराची आठळी रुजवली तर गोड बोरच मिळेल असं नाही. म्हणून शेतकऱ्याने हजारो वर्षं एक शहाणपण पाळलं: गोड झाड ओळखून ठेवायचं, शेत करताना ते तोडायचं नाही, बांधावर राहू द्यायचं. आज उमराण किंवा कडाका बोराची बाग करताना गावठी बोराचं रोप खुंट म्हणून वाढवतात आणि त्याच्यावर डोळा भरतात. बाजारातल्या मोठ्या बोराखाली मुळं अजूनही गावठी झाडाचीच आहेत.

संध्याकाळी ६.००

छावणीत सगळे जमतात आणि दिवसाच्या शोधांवर बोलणं होतं. प्राण्यांची हाडं तपासणारे सहकारी आपली बाजू मांडतात, मी माझी. या बोलण्यात इनामगावची शेवटची तीन शतकं पुन्हा पुन्हा येतात. इ.स.पू. १००० नंतर तिथली मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेतीचा जोर कमी झाला, शिकारीचा वाटा वाढला. ढवळीकरांनी याचं कारण कोरडं होत गेलेलं हवामान असं सांगितलं. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगावच्या लहान मुलांच्या हाडांचा अभ्यास करून २०११ मध्ये पुस्तक लिहिलं. शेवटच्या काळातल्या मुलांच्या वाढीवर ताण होता हे त्यांनी दाखवलं, आणि सगळा भार एकट्या हवामानावर टाकता येणार नाही, हेही मांडलं.

मला या चर्चेत झाडांची बाजू मांडायची असते. शतकानुशतकं कुडासाठी, चुलीसाठी, मडकी भाजण्यासाठी झाडी तुटली, शेळ्या-मेंढ्यांनी धुमारे खुडले, तर बोर तगली तरी बांधावरचा बाकीचा आधार पातळ होत गेला असेल. ज्या वर्षी जव बुडाला त्या वर्षी लोक रानाकडे वळले, पण ते रान किती उरलं होतं, हा प्रश्न पावसाइतकाच महत्त्वाचा आहे. त्याचं उत्तर कोळशात शोधता येतं. चुलीत जाड खोडं जळत होती की बोटाएवढ्या फांद्या, जंगली लाकूड होतं की फक्त काटेरी झुडुपं, जळणात शेणाचा वाटा वाढत गेला का. हे थराथरातून मोजता येतं, आणि ते मोजणं हेच माझ्या उद्याच्या आणि परवाच्या पिशव्यांचं काम आहे.

रात्री ८.३०

नोंदवही. प्रत्येक नमुन्यासमोर रकाने: मातीचे लिटर, कोळशाचं वजन, धान्य, फळं, तण, शेण, न जळालेलं. शेवटचा रकाना अर्थाचा. तो सर्वांत सावकाश भरते, कारण चुलीतल्या एका आठळीवरून गावाचं जेवण सांगता येत नाही. पण अनेक चुलींत, अनेक थरांत, अनेक गावांत तीच आठळी येत राहिली तर ती योगायोग राहत नाही. तेव्हा लिहावं लागतं की बोर हा या लोकांच्या शेतीचाच भाग होता, नांगराच्या रेषेबाहेर राहिलेला.

त्यानंतर दुसरी वही, आजींच्या सांगण्याची. कोणत्या झाडाचं काय, कधी, कसं वाळवायचं, कोणाला द्यायचं. ही वही मी पहिलीइतक्याच काळजीने भरते. बांध सपाट करून शेताला शेत जोडलं जातं आहे, जेसीबीच्या एका फेरीत शंभर वर्षांची बोर मुळासकट निघते, आणि तिच्याबरोबर ती गोड की आंबट, वाळवायची की ताजी खायची, हे जाणणारं ज्ञानही जातं. राखेतली आठळी आणखी तीन हजार वर्षं टिकेल. हे ज्ञान मात्र एका पिढीत संपू शकतं.

म्हणून हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाकडे मागणं आहे. आपल्या गावी जाल तेव्हा घरातल्या, शेजारच्या वडीलधाऱ्यांना बांधावर घेऊन जा. प्रत्येक झाडाचं नाव, हंगाम, चव आणि उपयोग त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, तारीख आणि गावाचं नाव टाका. आणि जे झाड अजून उभं आहे ते उभं राहू द्या. इथल्या पहिल्या शेतकऱ्यांनी शेत काढताना बोर राखली, म्हणून अवघड वर्षांत त्यांच्या मुलांच्या हातात काहीतरी पडलं. तेवढं राखणं आपल्यालाही जमण्यासारखं आहे.